चार मिनिटं अकरा सेकंद

३:००

"नाव, पत्ता सांगा. माणशी तीन मिनिटं," बोर्डाची कारकून बर्निस म्हणाली आणि तिने बटण दाबलं. भिंतीवरचे लाल आकडे उतरू लागले.

"मिलो हावरानेक. पत्ता तुला ठाऊक आहे, बर्निस. बायकोच्या मातीनंतर तू बटाट्याचं सॅलड घेऊन आली होतीस."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

२:४६

टेबलामागे काउंटी बोर्डाचे तीन सदस्य. मधे अध्यक्ष गेलेन स्ट्रूब. आजचा विषय एकच: कोर्टहाउसच्या तळघरातलं ९११ चं, म्हणजे तातडीच्या मदतीच्या फोनचं, कॉल सेंटर बंद करायचं आणि सगळे फोन दीडशे मैलांवरच्या शहराकडे वळवायचे.

"सावकाश बोल, मिलो," गेलेन हळुवार आवाजात म्हणाला. "डार्लीनच्या बाबतीत झालं ते पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये, म्हणूनच तर आपण हे करतोय."

"माझ्या बायकोचं नाव तू घेऊ नकोस."

गेलेनने पाण्याचा ग्लास उगाच सरकवला.

शेवटच्या रांगेत निटा पर्डी बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. डार्लीन गेली त्या दुपारी कॉल सेंटरमध्ये तीच होती. कर्मचाऱ्याने बैठकीत तोंड उघडलं तर नोकरी जाईल, अशी लेखी ताकीद तिच्या पर्समध्ये होती. मिलो आज तिला फाडून खाणार, असं सगळे धरून बसले होते. तीही.

२:०५

"वॉशिंग मशीनशेजारी पडली होती. मी फोन लावला. निटा म्हणाली, 'मिलो, ॲम्ब्युलन्स निघाली. लाइनवर राहा, फोन ठेवू नकोस.' आणि दुसरा फोन उचलायला गेली. त्याच वेळी हायवेवर गुरांचा ट्रक उलटला होता. एकवीस फोन, एकामागून एक. उचलायला एक बाई."

"ते आम्हाला माहीत आहे, पण—"

"माझी मिनिटं चालू आहेत, अध्यक्षमहाराज. बोलायचं असेल तर तूही नाव-पत्ता सांग आणि रांगेत उभा राहा."

या वेळी हसणारे गप्प झाले नाहीत.

१:२८

"चार मिनिटं अकरा सेकंद मी फोन कानाला लावून उभा. काय करायचं ते सांगायला कोणी नाही. मी तिच्या तोंडावरून ओला फडका फिरवत होतो. फडका! निटा परत आली तेव्हा तिने मला छाती दाबायला लावली. गाडी येईपर्यंत माझ्याबरोबर आकडे मोजले. तिचा आवाज बसला, पण बाई थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, चार मिनिटं आधी सुरू केलं असतं तर."

वाक्य त्याने तिथेच सोडलं.

०:५१

"खाली दोन खुर्च्या आहेत. मी बघून आलो. दुसरीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. तीन वर्षं निटा दुसरं माणूस मागतेय. माझ्या फोनच्या बिलात दर महिन्याला ९११ चे पैसे कापले जातात. त्याचं काय केलंत? जत्रेच्या मैदानावर झगमगता बोर्ड लावलात. काय लिहिलंय त्यावर, गेलेन? वाच सगळ्यांना."

गेलेन समोरच्या कागदांकडे बघत राहिला.

"'आपल्या माणसांची काळजी घेणारी काउंटी.' रात्री तर चार मैलांवरून दिसतो. आधी निटाला एकटीला मरमर राबू दिलंत आणि आता म्हणता, सेंटरच चालत नाही, बंद करा. वर नाव माझ्या बायकोचं."

०:००

घड्याळ कर्कश वाजलं.

"वेळ संपली, मिस्टर हावरानेक," गेलेन म्हणाला. आता त्याचा आवाज हळुवार नव्हता. "नियम सगळ्यांना सारखा. बसा."

मिलोने माइकचा स्टँड दोन्ही हातांनी धरला.

"लाइनवर राहा, गेलेन. फोन ठेवू नकोस. अजून एक मिनिट अकरा सेकंद आहेत."

शून्यानंतर आकडे आपोआप वर चढू लागले.

+०:१९

गेलेनने माइक बंद करायला सांगितलं. बर्निसने केला. मिलो तसाही काही बोलत नव्हता.

+०:४०

दाराशी उभा असलेला शेरीफचा माणूस, टकर, मधल्या वाटेने चार पावलं आला. मिलोच्या पाठीकडे बघितलं. टोपी काढली आणि तिथेच थांबला.

+०:५८

"टकर! बाहेर काढ ह्याला!" गेलेन ओरडला. "काय थट्टा चाललीय? किती वेळ आम्ही असं नुसतं बसून राहायचं?"



+१:११

शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली. निटा उभी होती.

"मिलो, मी आले," ती म्हणाली. तिला माइक लागला नाही. "हात छातीच्या मधोमध ठेव. कोपरं सरळ. माझ्याबरोबर मोज. एक. दोन. तीन. चार."