बांधाची फळी

"हे लोक असे राहायचे," संग्रहालयातला गाईड छडीने दाखवत म्हणाला, आणि माझी काशीआत्या भडकली.

"रायचे म्हंजे? मी काय मेलेय?"

माझंही डोकं आधीच तापलं होतं. आमची खाडी बुजवून टॉवर उठवले, आम्हाला खरवईच्या फ्लॅटमध्ये पाठवलं, आणि आता तीच खाडी काचेच्या पेटीत घालून आम्हालाच तिकीट लावून दाखवत होते.

पेटीत बांध होता. त्याच्या अलीकडे खाडी, पलीकडे भातशेती आणि मातीची इवलीशी माणसं. पाणी म्हणजे निळा रंग फासलेलं प्लास्टर.

आत्याने काचेला नाक लावलं. बांधाला दार असतं. भरती आली की त्याची फळी खाली टाकायची, नाहीतर खारं पाणी शिरून शेत जळतं. इथे खाडी तुडुंब आणि फळी वर.

"फली वर कोनी ठेवली?"

"मावशी, मॉडेल आहे ते. सगळं चिकटवलेलं आहे."

दाराजवळ मातीची एक बाई पाठमोरी उभी होती. आत्या काचेवर हात आपटत तिच्यावरच ओरडली, "फली टाक गो, भरती आली."

पेटीत लाकूड आपटलं. फळी खाली होती. बाई आता आमच्याकडे तोंड करून उभी होती, आणि तिच्या तोंडावर आत्याहून जास्त राग होता.

गाईडची छडी खाली पडली, तिचा छपकन आवाज झाला. आत्याने लुगडं वर धरलं.

फळी टाकली की शेतं वाचतात आणि पाणी बाहेर चढतं.

आम्ही बाहेर उभे होतो.