समोवराचं जळण

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "लहानपणी मनाला जे लागलं, ते रोज लिहा आणि पान जाळून टाका." म्हणून नारिन गावच्या थंडीत नूरझात रोज सकाळी लिहायला बसायची. आई कशी टाकून बोलायची, ऊठसूट शेजारच्या बेगिमाई नावाच्या मुलीचे कसे गोडवे गायची. मग ते पान समोवरात, म्हणजे चहाच्या बंबात, जळणाला जायचं, आणि त्यावरच्या चहाचा घुटका घेत आई म्हणायची, "आज झकास पेटला गं!"

एके दिवशी नूरझातनं पेन खाली ठेवलं. "आई, संपलं. आता मनात काही उरलं नाही."

"आणि पाहुण्यांसमोर मी तुला टाकून बोलले होते, ते?"

"तेही जाळलं."

 आईनं थंडगार समोवराकडे पाहिलं, मग लेकीकडे. "ती बेगिमाई बघ! तुझ्याहून लहान, पण दोन लेकरं सांभाळून नोकरी करते. नाहीतर तू!... हं, लिही आता."