ताशी पंधरा

"श्वास?" मास्तरांनी विचारलं.

"चालू आहे," मागच्या सीटवरून बायको म्हणाली.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. चौदा वर्षांत त्यांनी अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलं होतं. आरशात न बघणाऱ्याला ते तिथल्या तिथे खाली उतरवायचे. आज त्यांनी स्वतःच मधला आरसा फिरवून ठेवला होता. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता. मुलगी दिसत होती. बायकोच्या मांडीवर, दुपट्यात, पावणेदोन किलो.

ती पाच आठवडे आधीच आली होती. तेवीस दिवस काचेच्या पेटीत काढून आज पहिल्यांदा घरी निघाली होती. निघताना डॉक्टर म्हणाले, "धक्के बसू देऊ नका. श्वासावर लक्ष ठेवा. थांबल्यासारखा वाटला तर तळपायाला टिचकी मारा." हे त्यांनी पार्किंगचा रस्ता सांगावा तसं सांगितलं.

म्हणून ताशी पंधरा.

शेजारी सासूबाई होत्या. शिकवणीच्या गाडीत त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो सासूबाईंना पहिल्याच वळणावर सापडला. तेव्हापासून ताशी बारा.

"आई, पाय काढा."

"तुम्ही समोर बघा. आत्ता एक सायकल आपल्या पुढे गेली."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय! पंक्चर होती. तो ढकलत नेत होता."

नवल होतं ते हॉर्नचं. या शहरात सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजतो. आज मागून चकार शब्द नाही. उलट रस्त्याकडेची माणसं बोलता बोलता थांबत होती. एका दुकानदाराने रेडिओ बंद केला. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

"बाळ आहे म्हटल्यावर लोक किती समजून घेतात," सासूबाईंना भरून आलं.

मास्तरांना वाटलं, हा आपल्या लाल एलच्या पाटीचा गुण.

"श्वास?"

आरशात बायको दुपट्यावर वाकलेली दिसली.

"अगं, श्वास?"

"थांबा... मला कळत नाहीये. हलत नाहीये ती."

मास्तरांचा पाय आणि सासूबाईंचा पाय एकदमच पडला. भर चौकात गाडी गचकून बंद पडली. बायकोने दुपटं सोडलं. शेंगेएवढ्या तळपायावर टिचकी मारली. एकदा. दोनदा. सासूबाई सगळ्या देवांना एकाच वाक्यात बोलावत होत्या. तिसऱ्या टिचकीला मुलीने तोंड वाकडं केलं आणि एवढंसं शिंकली.

"चालू आहे," बायको म्हणाली आणि रडायला लागली.

मास्तरांना किल्ली सापडेना. ती होती तिथेच होती. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. चारी बाजूंची वाहतूक अडवून हवालदार वाकून उभा होता.

"कोण गेलं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"कोणी गेलं नाही हो! आलंय!"

हवालदाराने आत बघितलं. मग मागे बघितलं. "मग यांच्या पुढे काय करताय तुम्ही?"

मास्तरांनी मान वळवली. मागे शववाहिका होती. फुलांनी भरलेली. तिच्यामागे सतरा मोटारी, भर दुपारी दिवे लावून, थेट हॉस्पिटलच्या रस्त्यापर्यंत.

शववाहिकेतून पांढऱ्या केसांच्या एक बाई उतरल्या आणि चालत आल्या. मास्तरांनी कानाला हात लावले. "चुकलं, काकू. बाजूला घेतो. तुम्ही पुढे व्हा."

बाई खिडकीतून आत बघत राहिल्या.

"नको घेऊस," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर हॉर्न मारणार होता, मीच हात धरला त्याचा. असाच सावकाश चल पुढे. आमच्या ह्यांनी जन्मभर दिसेल त्याला ओव्हरटेक केलं. आज पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागून निमूट येतायत."