दार कुणी हलवलं

ते २०२२ साल. शर्यतींवरची बंदी उठली होती, वडमाळच्या घाटात कितीतरी वर्षांनी पुन्हा बैलगाडे पळणार होते, आणि यात्रेच्या आदल्या दिवशी भर दुपारी मालोजीराव एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं निशाण उपटत होते.

सगळं गाव देवळात पंगतीला बसलं होतं. घाटात चिटपाखरू नव्हतं. घाट म्हणजे चढाची लांब धाव. खालून गाडा सुटायचा आणि वरच्या टोकाला बारी संपायची. मालोजीरावांचा पाखऱ्या सुटायचा वाऱ्यासारखा, पण शेवटच्या चढाला दम टाकायचा. बैल वर पोचत नसेल तर शर्यतीच्या शेवटाच्या निशाणानं खाली यावं, असा साधा विचार त्यांनी केला होता.

डोक्यावर काहीतरी गुणगुणलं. उंबरावरच्या मधमाश्या उठल्या असाव्यात, म्हणून त्यांनी छत्री आणखी खाली ओढली. काळी छत्री, वर मधोमध बायकोच्या, कुसुमताईंच्या, जुन्या लुगड्याचं पिवळं ठिगळ. वरच्या टोकाला, आपल्या घरासमोर रोवलेलं ते तांबडं निशाण त्यांनी खाली नेलं, शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याच्या, दौलतरावांच्या गोठ्यासमोर ठोकलं, पायानं माती दाबली आणि देवळात जाऊन पंगतीला बसले.

"एवढा उशीर?" आमटी वाढता वाढता कुसुमताईंनी विचारलं.

"पाखऱ्याला पाणी दावलं," मालोजीराव म्हणाले आणि भुरका मारला.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्या असा सुटला की लोकांनी टोप्या उडवल्या. गोठ्यासमोर गाडा येताच मालोजीरावांनी मूठभर भंडारा उधळला. पण कुणी शिट्टी वाजवेना. पंचांनी पहाटेच वर, नेहमीच्या जागी, फक्कीची पांढरी रेघ मारून ठेवली होती. पाखऱ्या तिथवर धापा टाकत पोचला.

"मालोजी, भंडारा लवकर उधळलास रं," दौलतराव मांडीवर थाप मारून हसले. "बारी आजून चालूच हाय!"

पहिला नंबर दौलतरावांच्या गाड्याचा आला. मालोजीरावांनी अंगावरचा भंडारा झटकला. पंचांनी आपली लबाडी ओळखली आणि मुकाट्यानं रेघ मारली, असं त्यांनी धरलं. अशा वेळी तक्रार तरी कोणत्या तोंडानं करायची?

आणि खरं तर त्यांना शर्यतीपेक्षा मोठी आशा होती. घाटाखालून भुयारी मेट्रो जाणार होती. सलिल नावाचा तरुण इंजिनिअर आदल्याच आठवड्यात मोजमाप करून गेला होता. जाताना त्यांच्या ओट्यावर चहा पिऊन म्हणाला होता, "काका, स्टेशनचं दार बरोबर तुमच्या घरासमोर येतंय." त्यांचा मुलगा गणराज चाकणच्या कंत्राटी नोकरीला विटला होता. दार आलं की दारात चहा-वडापावचं दुकान. कढईसुद्धा आणून ठेवली होती.

यात्रा संपली आणि दोनच दिवसांत मेट्रोचं मशीन आलं. ते दौलतरावांच्या गोठ्यासमोर उभं राहिलं आणि खणायला लागलं.

मालोजीराव अनवाणी धावले. "सायेब, दार हाललं कसं?"

"हललं नाही, काका. जागा ठरली होती तिथंच खणतोय. आमच्याकडून वीतभरसुद्धा चूक नाही."

"मंग माज्या ओट्यावर काय बोलला व्हता?"

सलिल डोकं खाजवत राहिला. त्यालाही ते कोडंच होतं. पण खड्डा खोल गेला होता आणि खड्डा काही मागे घेता येत नाही.

मालोजीराव खड्ड्याशेजारी उपोषणाला बसले. कुसुमताई टॉवेलखाली झाकून थालीपीठ आणायच्या, ते टॉवेलखालीच खायचे. मेट्रोवाल्यांना पैसे चारून दौलतरावांनीच दार हलवून घेतलं, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"देवाशपथ, म्या खडाबी हलवला न्हाई," दौलतराव म्हणाले.

"तू कशाला हलवशील? तुज्या पैशानं हलवला!"

"अवं, जाऊ द्या की आता," कुसुमताई म्हणाल्या.

"जाऊ कसं द्यायचं? माज्या पोराच्या तोंडचा घास गेला! ज्यानं दार हलवलं, त्येचं नाव स्टेशनाच्या भिताडावर मोठ्या अक्षरात लिवा. येनाऱ्या-जानाऱ्यानं वाचलं पायजे!"

ही मागणी त्यांनी सोडली नाही. प्रत्येक बैठकीत उठायचे आणि तेच बोलायचे. लोकांनाही ती पाठ झाली होती. मालोजीराव उठले की पोरं मागून कोरसात म्हणायची, "भिताडावर लिवा!"

सलिलची नागपूरला बदली झाली. पाखऱ्या निवृत्त होऊन उंबराखाली रवंथ करू लागला. दौलतरावांनी गोठा पाडून तिथं मिसळीचं हॉटेल काढलं. ते असं चाललं, की तळवड्याच्या कंपन्यांतले लोक नंबर लावून उभे राहू लागले. गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवा, म्हणून त्यांनी गणराजलाच बोलावून बसवलं. मालोजीरावांनी मुलाशी महिनाभर अबोला धरला. मग रोज सकाळी फुकटची मिसळ खाऊन अबोला पुढं चालू ठेवला.

यंदा स्टेशन सुरू झालं. मालोजीराव कुसुमताईंना घेऊन सरकत्या जिन्यानं खाली उतरले. समोरच्या भिंतीवर स्टेशनचा इतिहास मांडला होता आणि मधोमध, माणसाहून उंच, यात्रेच्या आदल्या दिवशी ड्रोननं आकाशातून काढलेला फोटो होता. मोकळा घाट, कडेला उंबर, आणि चढावरून खाली निघालेली एक काळी छत्री. छत्रीवर पिवळं ठिगळ. छत्रीखालून बाहेर आलेल्या हातात तांबडं निशाण.

खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचे कर्मचारी स्टेशनच्या दाराच्या जागेवर खुणेचं निशाण रोवायला नेताना, २०२२.'

कुसुमताईंनी डोळे बारीक करून ठिगळ पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"नाव तेवढं लिवायचं ऱ्हायलं बगा," त्या म्हणाल्या.