खाणीचा पहिला नंबर

खाणीत फाउस्तिनोचा पाय दगडाखाली चिरडला, तेव्हा सुरक्षा अधिकारी रोलांदोसाहेब स्वतः धावत आले. "हे बघ राजा, घरी बसू नकोस. माणूस रजेवर गेला तरच अपघात धरतात. पाय काय, जुळेल. आकडा बिघडला की जुळत नाही!"

दुसऱ्या दिवसापासून कंपनीची जीप त्याला प्लास्टरसकट उचलून आणायची आणि फाटकाजवळच्या खुर्चीत बसवायची. हजेरी तेवढी लागायची. गालात वेदना बधिर करणारी कोकाची पानं धरून तो दिवसभर ठणका सोसायचा.

वर्षअखेर ओरुरो शहरातल्या सगळ्या उद्योगांची सुरक्षिततेची यादी लागली. माणसं सर्वांत जास्त, म्हणून खाण पहिली. सिमेंटवाले, बिअरवाले, सगळेच शून्य अपघातांवर. शेवटचा नंबर बँकेचा, कारण तिथल्या सुल्माबाईंच्या हातावर चहा सांडला होता आणि त्या चक्क दोन दिवस घरी राहिल्या होत्या.

बक्षीस समारंभात ढाल घ्यायला साहेबांनी फाउस्तिनोलाच कुबड्यांसकट मंचावर चढवलं. टाळ्या ओसरल्यावर तो लंगडत खाली उतरला, मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या सुल्माबाईंपाशी गेला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या त्या धोक्याच्या जागी माझ्यासाठी एखादं काम निघेल का हो?"