पहिलं टोपडं

नवऱ्यानं टेम्पोतून शिलाई मशीन उतरवली, तशी शिवकन्या दारातच थबकली. "आता क्लाससाठी जालन्याचे हेलपाटे बंद," तो कौतुकानं म्हणाला. कसला क्लास! दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती आणि याला तर मुलगा हवाच होता. म्हणून तिथल्या दवाखान्यात ती गुपचूप नव्या गर्भनिरोधकाच्या चाचणीत सामील झालेली. "हार्मोनबिर्मोन नाही, पाच वर्षं चालेल, पाहिजे तेव्हा काढता येईल," सिस्टर म्हणाल्या. तपासणीची प्रत्येक खेप घरी शिलाईचा क्लास म्हणून खपली. "पहिलं टोपडं नातवासाठी शिव," सासूनं कापड पुढं केलं. शेजारणीनं सुईत दोरा ओवून दिला. शिवकन्येनं पायडलवर पाय मारला. चाक उलटं फिरलं, दोरा तटकन तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. नवऱ्याचं हसू मावळलं. "मंग सहा महिने तू जालन्यात कुठं जात होती?"