शाळेपुढचा दगड

दहिवडीकडचा रस्ता नवा झाल्यापासून फेरी संपली की एसटी ड्रायव्हर चिंतामणमामा स्टेअरिंगवर डोकं टेकून नुसते बसून राहायचे.

"आवं मामा, रस्ता लोण्यागत झालाय, मग येवढं दमताय कशानं?" कंडक्टर सुरेखानं विचारलं.

"खड्डं हुतं तवा कंबर दुखायची, पोरी. आता समदी सुसाट सुटत्यात. शाळा आली की जीव मुठीत धरावा लागतोय."

शाळेपुढं रस्त्याकडेला एक दगड होता. त्यावर ठळक रंगवलेलं होतं, 'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा'. त्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. परवा एका पोरीचं दप्तर ट्रकखाली गेलं. पोरगी थोडक्यात वाचली.

रविवारी सुट्टी होती. मामांनी तेलात शेंदूर कालवला आणि त्या दगडाला वरपासून खालपर्यंत फासला.

सोमवारी एसटीच्या पुढचा ट्रक दगडापाशी आला आणि एकदम सावकाश झाला. ड्रायव्हरनं हात कपाळाला लावला. त्याच्या मागच्या जीपवाल्यानंही तेच केलं.

आता दगडावरचं एक अक्षरही दिसत नाही, पण पाळतात सगळे.